सावेनाथाची अक्षरं

असिनाते खुर्चीत बसली की खुर्ची आधी एकदा कण्हायची, मग गप व्हायची. बाई अंगानं थोराड. डोक्यावर केसांचा गोल टोप, कानामागं कायम एक फूल आणि पायात रबरी चपला. ऑफिसात बूट घालून यायचा नियम धर्मेन सामीनं काढला होता. सामी म्हणजे आमचा मालक. तिनं नियम ऐकून घेतला, "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चपला फटफटवतच जिना चढली. त्यानंतर त्या नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

सुव्यातल्या, म्हणजे आमच्या बेटांच्या देशाच्या राजधानीतल्या, त्या ऑफिसची आता कुणाला आठवण असेल असं वाटत नाही. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. खिडकी उघडली तर बंदराचा डिझेलचा वास यायचा, बंद केली तर आमचाच. संगणक असे गरम व्हायचे की पावसाळी हवेत ओले मोजे त्यांच्या पाठीवर वाळत घालता यायचे, आणि आम्ही घालायचोही. मी तिथं मागच्या खोलीतली यंत्रं सांभाळायचो आणि गरज पडली की ऑफिसची व्हॅन चालवायचो.

धंदा आमचा असा, की दुसऱ्यांनी बांधलेली वेबसाइटची पानं तपासून द्यायची. त्याला एक हत्यार होतं, तेही ब्राउझरातच चालणारं. पान एकदा नीटनेटकं दिसलं की त्याचा फोटो काढून ठेवायचा. पुढं पानात कुणी काही बदललं, की हत्यार ते नवं पान उघडायचं आणि जुन्या फोटोवर ठेवून बघायचं. फरक पडला तिथं गुलाबी डाग. काहीच फरक नसला तर कोपऱ्यात हिरवा ठिपका.

डाग दिसायला अक्कल लागत नाही. तो का पडला हे सांगायला लागते. कधी पानच मोडलेलं असतं, तर कधी पान बिचारं धडधाकट आणि हत्यारच तिरळं. तेच पान आपल्या ब्राउझरात उघडलं तर देखणं, आणि हत्यारानं स्वतःच्या चौकटीत उघडलं की बाजारातून उठून आल्यासारखं. कुठं त्या यंत्रावर अक्षराचा तो साचाच नाही. कुठं कडेच्या सरकपट्टीनं बोटभर जागा खाल्लेली. कुठं चित्र वाटेतच, आणि हत्यारानं घाई करून फोटो काढलेला. कुठं ब्राउझरानं मागं कधीतरी पोटात साठवलेलं जुनं पानच बाहेर काढलेलं.

असिनाते नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची. "आधी त्याचं पोट साफ कर. मग खिडकीची रुंदी बघ. मग अक्षरं बघ. मग जरा दम धर. एवढं करून डाग राहिला, तर मला हाक मार." बहुतेक डाग एवढ्यातच धुऊन निघायचे. राहिलेल्यासाठी ती खुर्ची ओढून यायची, एक डोळा मिटायची, उघडायची, दुसरा मिटायची आणि म्हणायची, "हा खरा." नाहीतर, "हा भास."

सामी उसाच्या कांडासारखा सरळसोट आणि बारीक. मूळचा लंबासाचा, उसाच्याच मुलखातला. सकाळी आला की "बुला" म्हणून रामराम करायच्या आधी विचारायचा, "सगळं हिरवं का?"

"सगळं हिरवं," असिनाते म्हणायची, "फक्त तू पिवळा दिसतोस. बायकोनं आज पण उपाशी धाडलं का?"

"तू मालकाशी बोलतेस, असिनाते."

"म्हणून तर हळू बोलले."

शुक्रवारी दुपारनंतर काम आवरलं की चटई अंथरायची, तानोआ नावाची लाकडी परात मधे ठेवायची आणि यांगोनाच्या मुळीची पूड पाण्यात कालवायची. नारळाच्या करवंटीतून एकेकानं ती मातकट मुळी प्यायची, टाळ्या वाजवायच्या, जीभ बधिर होईस्तोवर गप्पा हाणायच्या. आठवड्यात कुणाचं कुणाशी काही बिनसलं असलं तर ते तिथंच मिटायचं.

तर अशातच बोट कंपनीचं काम आलं.

असिनाते वातुकाऊ बेटाची. बारकं बेट, एक गाव, एक चर्च, नारळ, यांगोनाचे मळे आणि चटया विणणाऱ्या बायका. सुव्याहून सुटणारी बोट सगळी बेटं घेत जायची, वातुकाऊलाही थांबायची. नव्या साहेबांनी ठरवलं, रिकाम्या बेटाला फुकट डिझेल कशाला जाळायचं? आदल्या दिवशी ज्या बेटाहून पानावर जागा मागितली जाईल तिथंच बोट थांबेल. ते पान बांधलं ब्रिस्बेनच्या एका पोरानं आणि तपासायला आलं आमच्याकडं. असिनातेनं सामीला सांगून टाकलं, "हे माझं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

महिनाभर बाई त्या पानाशी झटली. शेवटी हिरवं झालं, मोठ्या पडद्यावर हिरवं, फोनएवढ्या अरुंद खिडकीतही हिरवं. मग ती स्वतः गावाला गेली. रिकाम्या हातानं सांगायची गोष्ट नव्हती ही, यांगोनाची जुडी घेऊन गेली. गावच्या सभेच्या घरात ती जुडी वडीलधाऱ्यांपुढं ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इथून पुढं बोटीला या पानावर सांगायचं. पान मी स्वतः तपासलंय."

सावेनाथा म्हणून गावातला सगळ्यात थोर माणूस, रविवारी चर्चमध्ये उभा राहून धडा वाचणारा. गावानं त्याला आबाच म्हणायचं. तो म्हणाला, "पोरीनं तपासलंय म्हणजे झालं." गावाच्या टाळ्या पडल्या. तिनं आपल्याजवळचा एक चांगला फोन गावाला दिला आणि आपल्या आत्याकडं, उलामिलाकडं ठेवला. आत्याला तिकडं नेई म्हणतात. आता तिकडं एखाद्यानं वस्तू मागितली की द्यायची, नाही म्हणायची रीत नाही. त्यामुळं फोन नेईच्या घरी रात्रीपुरताही टिकला नाही. या घरून त्या घरी फिरत राहिला, आणि शेवटी जास्त करून सावेनाथाच्या खिशात मुरला, कारण देवाचा धडाही त्याच्यातच दिसतो असा शोध आबाला लागला होता.

नेईनं निघताना असिनातेला टोला हाणलाच. "आयुष्यात एक चटई तुला सरळ विणता आली न्हाई, अन् आता दुसऱ्याचं पान वाकडं हाय का सरळ हे तू सांगणार?"

"म्हणून तर कळतं नेई. वाकडं कसं होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

पुढं काही आठवडे गेले. एक दिवस सामी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आज त्यानं हिरवं का म्हणून विचारलं नाही.

"बोट कंपनीचा फोन होता. वातुकाऊहून पानावर एकाही माणसानं जागा मागितलेली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची बैठक आहे. नव्या वेळापत्रकातून ते बेट काढून टाकणार म्हणाले."

"काढणार म्हणजे?"

"म्हणजे बोट जाणारच नाही तिकडं."

असिनातेनं हत्यार चालवलं. हिरवं. पुन्हा चालवलं. हिरवं.

"तुझ्या गावाला कुठं जायचंच नसेल," सामी म्हणाला.

"माझ्या गावाला? अरे, माझं गाव मयताला येतं, लग्नाला येतं, दाढ काढायला येतं. काही नसलं तर आइस्क्रीम खायला सुव्याला येतं!"

तिनं तिथल्या तिथं गावाला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून मोठ्यानं लावून ठेवला.

"नेई, पान दिसतं का?"

"दिसतं की, बाय."

"नीट दिसतं?"

"लई देखणं दिसतं. समद्यांनी बघितलं. सावेनाथा आबा म्हणाले, पोरीनं काय काम केलंय!"

"बटण दाबता ना?"

"दाबतो की. आबाच दाबतात. टोपी काढून दाबतात."

"मग बोट येते का?"

पलीकडं कोंबडा आरवला, नेईनं आधी त्याला हाकललं.

"येते... लांबनं येते."

"लांबनं म्हणजे?"

"ते जाऊ दे आता. तू जेवलीस का? कसावा मिळतो का तुमच्याकडं चांगला?"

असिनातेनं फोन ठेवला. सामीला वाटलं, सगळं ठीक आहे. तिला कळलं की काहीच ठीक नाही. आपल्या माणसानं केलेल्या कामाला त्याच्या तोंडावर वाईट म्हणायचं नाही, आणि वाईट बातमी फोनवरून द्यायची नाही, ही तिच्या गावची रीत. ती रीत पाळणाऱ्या माणसाकडून पानाचा दोष काढून घ्यायचा म्हणजे शहाळ्याचा बाहेरून वास घेऊन आत पाणी किती ते सांगण्यासारखं.

मग बाईनं आपलाच धडा स्वतःवर चालवला. ब्राउझराचं पोट साफ केलं. खिडकी अरुंद केली, अजून अरुंद केली. अक्षरांचे साचे तपासले, सगळे जागच्या जागी. दम धरला. गावाकडं इंटरनेट रडतखडत चालतं, म्हणून मला सांगून तारेतला वेग मुद्दाम मारून बघितला. आमचे सगळ्यांचे फोन गोळा करून एकेकावर पान उघडलं. सगळीकडं दोन बटणं शेजारी शेजारी, डावीकडं 'पुसा', उजवीकडं 'पक्कं करा', आणि सगळीकडं हिरवा ठिपका. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहायला लागला. खुर्ची कण्हायची, बाई गप. माझ्या गावची बोट माझ्या पानानं घालवली, एवढं एकच वाक्य ती मला बोलली, तेही खिडकीकडं बघत.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी सकाळच्या वेळेला जिन्यावर जड पावलं वाजली. पुढं उलामिला नेई, तोंड कच्च्या केळीसारखं हिरवंगार. मागं सावेनाथा आबा, कमरेला लुंगीसारखा काळा सुलू, वर कोट, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची भली मोठी जुडी. असिनाते उठली ती खुर्ची पाडूनच.

"नेई! कशानं आलात?"

"फायबरनं," नेई म्हणाली आणि जमिनीवर बसकण मारली. फायबर म्हणजे मासे धरायची उघडी होडी, मागं एक मोटर. "सगळा समुद्र वकत आले. माशांना आज सणच झाला."

"पण का?"

आबा सावकाश खाली बसला. म्हणाला, "कप्तानाकडं जायचं हाय. माफी मागायला."

"कशाची?"

"ते त्येनं सांगावं."

मग नेईनं सगळं सांगितलं. बोटीचा कप्तान रुसिआते ज्या बेटाचा, त्या बेटाचं आणि वातुकाऊचं पिढ्यान् पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, खोड्या काढायच्या, आणि कुणी रागवायचं नाही. पहिल्यांदा गाव चटया-टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभं होतं आणि बोट समोरून तशीच निघून गेली, तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. काय खोडी काढली गड्यानं! पुढच्या खेपेला त्याला पाण्यात ढकलायचं, असंही ठरलं. पण पुढच्या खेपेलाही बोट लांबनंच गेली. तेव्हा कुणी हसलं नाही. थट्टा एकदा असते. दुसऱ्यांदा तोंड फिरवलं म्हणजे गावाचा काहीतरी गुन्हा झालाय. गावानं सभा घेतली, काय चुकलं ते कुणाला आठवेना. कुणी म्हणालं, मागं त्याला वाढलेला मासा शिळा होता. कुणी म्हणालं, त्याच्या चुलत्याच्या मयताला आपण उशिरा पोचलो. शेवटी आबा म्हणाला, गुन्हा कुठला का असंना, माफी तर मागता येते.

असिनातेच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. ती म्हणाली, "चला." मी व्हॅनची किल्ली घेतली.

वालू बेच्या धक्क्यावर बोट लागली होती. पिठाची पोती आणि डिझेलची पिंपं चढत होती. कप्तान रुसिआते म्हणजे पोटाचा नगारा आणि पुढचा एक दात सोन्याचा. आबाच्या काखेतली जुडी दिसली तसा त्यानं तोंडातला पाव गिळला, टोपी काढली आणि डेकवरच चटई टाकायला सांगितली. जुडी घेऊन आलेल्याशी उभ्यानं बोलायचं नसतं.

आबानं जुडी पुढं ठेवली. मान खाली घालून बोलला, "कप्तान, आमच्या हातनं काय चुकलं ते आमाला ठाऊक न्हाई. पर चुकल्याबिगर बोट तोंड फिरवत न्हाई. जे काय असंल ते या मुळीखाली पुरून टाक. आमच्या किनाऱ्याला पाठ दावू नको."

रुसिआते नुसता बघत राहिला. एकदा आबाकडं, एकदा नेईकडं, मग माझ्याकडं, जसं काही मी तरी सांगेन. पण पुढ्यात ठेवलेली जुडी परत करता येत नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "घेतली. काय असेल ते पुरलं." तिथंच थोडी कालवली, करवंट्या फिरल्या. करवंटी तोंडाला लागली तसा त्याच्यातला थट्टेखोर जागा झाला.

"खरं सांगू का आबा? तुमचं बेट एवढं बारकं, मला वाटलं लाटच आहे. म्हणून पुढं गेलो."

"आन् तुजं पोट एवढं मोठं," नेई म्हणाली, "आमाला वाटलं, दुसरी बोट मागनं येतीय. म्हणून हिला हात केला न्हाई."

डेकवर हशा पिकला. हशा ओसरल्यावर कप्तान म्हणाला, "आता खरं ऐका. कुठं थांबायचं ते मला ऑफिस सांगतं. वातुकाऊचं नाव एकदाही आलं नाही. तुम्ही जागा मागायची नाही, मग मी काय पोहत येऊन विचारू?"

"मागतो की!" आबा ताठ झाला. "दर खेपेला मागतो. ही बघ."

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि हात लांब करून धरलं. असिनातेनं वाकून बघितलं. मीही मागून बघितलं.

अक्षरं अशी, की एकेक अक्षर काडेपेटीएवढं. धडा वाचता यावा म्हणून आबानं फोनची अक्षरं वाढवता येतील तेवढी वाढवून ठेवली होती. बोटीचं नाव मावत नव्हतं, वार अर्धाच दिसत होता. आणि खाली दोन बटणांपैकी एकच, डावीकडलं, 'पुसा'. ते फुगून सगळी रुंदी खाऊन बसलं होतं. 'पक्कं करा' पडद्याच्या कडेबाहेर ढकललं गेलं होतं, समुद्रात पडल्यासारखं.

"आबा, दाबून दाखवा की," असिनाते हळूच म्हणाली.

आबानं टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि बटण दाबलं. भरलेलं सगळं गेलं. पान कोरं झालं.

"गेली खबर," आबा म्हणाला.

"पान पुसलं गेलं की ते," कप्तान म्हणाला.

"पुसणारच," नेई म्हणाली. "शाळंत मास्तर न्हाई का, धडा झाला की फळा पुसतो? ऐकून घेतलं, पुसून टाकलं."

सगळा उलगडा असिनातेला त्या एका क्षणात झाला होता. पण तो बोलायचा कसा? आबा, तुमचे डोळे गेलेत, असं सगळ्यांदेखत म्हणायचं? गावातल्या पोराटोरांनीही ती अक्षरं बघितली असणार. पण थोरल्या माणसानं लावून ठेवलेलं कोण बदलणार, आणि त्याला सांगणार तरी कोण? ज्याच्या डोक्यावरून हात लांबवून फळीवरची वस्तूही घेत नाहीत, त्याच्या फोनची अक्षरं बारीक करायची?

ती म्हणाली, "गुन्हा सापडला, आबा. पान चुकलं. माझं पान."

"तुजं कसं चुकंल? तू तपासलंस की."

"मी माझ्या खिडकीत तपासलं. तुमच्या खिडकीत बघायचं राहिलं."

ऑफिसात परत आलो. पाहुण्यांना बाहेर बाकावर बसवून पुढ्यात चहा आणि पाव ठेवले. असिनातेनं हत्याराच्या ब्राउझरात अक्षरं आबाच्या फोनएवढी केली आणि पान चालवलं. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. मग तिनं आम्ही आजवर पास केलेली दुसरी पानं उघडली. गुलाबी. अजून एक. गुलाबी. पडदा नुसता कापलेल्या कलिंगडासारखा दिसायला लागला.

सामी मागं उभा होता. "हे काय चालवलंयस?"

"अक्षरं बघ, म्हणून सगळ्यांना शिकवत होते. साचा बघत होते मी, माप कधी बघितलंच नाही. हत्यार आपल्या चौकटीत आपल्या मापानं उघडतं आणि हिरवं म्हणतं. जगात कोण कुठल्या मापानं वाचतं हे त्याला कुठं ठाऊक?"

"एका म्हाताऱ्याच्या फोनसाठी एवढा खटाटोप? अगं, त्या फोनची अक्षरं बारीक कर. मिनिटाचं काम."

"तू कर."

"काय?"

"तो बघ बाहेर बसलाय, पाव खातोय. जा. फोन त्याच्या हातातून घे आणि सांग, आजोबा, तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुमच्या गावची बोट बंद होतेय."

सामी टाय सरळ करून बाहेर गेला. आम्ही दारातून बघत होतो. तो आबासमोर उभा राहिला. आबानं वर बघितलं, हसला, आपल्यातला अर्धा पाव त्याच्यापुढं केला. सामीनं तो घेतला, खाल्ला आणि परत आला.

"सांगितलंस?"

"अजून चहा पाहिजे का विचारलं," सामी म्हणाला आणि खुर्चीत बसला. मग टाय सैल करत, "माझा बापपण असाच. वर्तमानपत्र उलटं धरलं तरी कुणाला बोलू देत नाही."

तरी बोट कंपनीला कळवायला त्याचा हात फोनकडं जाईना. पास केलेलं पान आपणच नापास म्हणायचं म्हणजे गिऱ्हाईक हातचं जायची धास्ती. असिनाते त्याच्या टेबलासमोर चटईवर मांडी घालून बसली, शुक्रवार नसताना. नुसती बसली. सामीनं दोनदा खोकून बघितलं, एकदा पाणी प्याला आणि मग फोन उचलला.

ब्रिस्बेनच्या पोरानं उत्तर दिलं ते या धंद्यातल्या सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. "माझ्याकडं तर बरोबर दिसतं." असिनातेनं त्याच्याशी वाद घातला नाही. म्हणाली, "तुझ्याच फोनची अक्षरं सगळ्यात मोठी कर बाळा, आणि वातुकाऊहून सुव्याला एक जागा मागून दाखव. मी थांबते." पलीकडून फोनवर बोटांची टकटक ऐकू आली. मग एक शिवी आली, स्वतःलाच घातलेली. दुसऱ्या दिवशी बटणं शेजारी शेजारी नव्हती, एकाखाली एक होती. वर 'पक्कं करा', आणि 'पुसा' खाली, अंग चोरून.

बैठकीत काय झालं ते कप्तानानं पुढं सांगितलं. साहेब म्हणाले, पान दुरुस्त झालं ते चांगलं, पण आकडा शून्यच आहे, बेट काढायचं. तेव्हा रुसिआते उभा राहिला, पोटासकट. म्हणाला, "मी त्यांची यांगोना प्यालोय. आता त्या किनाऱ्यावरनं तोंड फिरवून जायला मला सांगू नका. दुसरा कप्तान बघा." साहेबही त्याच मातीतले, प्यालेल्या यांगोनाचा मान त्यांनाही ठाऊक. ठरलं असं, की एक खेप बघायची. तिला वातुकाऊहून माणसं निघाली तर थांबा राहील.

खेपेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे असिनातेच्या पडद्यासमोर गोळा झालो. कंपनीनं आम्हाला नावं दिसायची सोय ठेवली होती. सकाळ गेली, काही नाही. असिनाते नखं खात होती. दुपारी एक नाव उमटलं. सावेनाथा. मग उलामिला. मग दुसरं, तिसरं, आणि मग पाट फुटल्यासारखी नावंच नावं. सामी वाचता वाचता थांबला.

"असिनाते, तुझ्या गावात माणसं किती?"

"का?"

"सगळी येतायत वाटतं."

आणि आली. बोट आली नाही असं पुन्हा व्हायला नको म्हणून अख्ख्या गावानं जागा मागितली होती. काम कुणालाच नव्हतं. धक्क्यावर उतरली तेव्हा कप्तान वरून ओरडत होता, "ह्यांनी बेट आणायचं तेवढं ठेवलंय!" नेईनं त्याच्या पोटावर चापट मारली आणि म्हणाली, "ते बी आणलं असतं. तुज्या पोटामुळं जागा उरली न्हाई." गावानं बाजारात चक्कर मारली, आइस्क्रीम खाल्लं आणि संध्याकाळच्या आत त्याच बोटीनं परत निघालं.

आबा आमच्या ऑफिसात येऊन बाकावर बसला होता, गेल्या खेपेच्याच जागी. निघताना असिनातेला म्हणाला, "पोरी, बटणं दोन होती व्हय गं?"

"व्हय, आबा."

"मला वाटलंच. एवढं मोठं काम एका बटणात कसं व्हईल." जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "अक्षरं मातर आता झकास दिसत्यात हां. आधी जरा बारीक होती."

अक्षरांना कुणी हात लावलेला नव्हता. असिनाते म्हणाली, "व्हय आबा, वाढवली थोडी."

त्या दिवसापासून आमच्याकडचं प्रत्येक पान एकदा मोठ्या अक्षरांत चालवूनच बाहेर पडायचं. त्या तपासणीला तिनं हत्यारात नाव दिलं सावेनाथा. "सावेनाथा झाला का?" असं सामीच सकाळी विचारायला लागला, हिरवं का विचारायच्या आधी.

आता खालचं कापडाचं दुकान नाही, वरचं ऑफिसही नाही. सामी मुलाकडं सिडनीला गेला. आबाला वातुकाऊच्या चर्चमागं पुरलं, जाताना तो फोन त्याच्या हातात दिला म्हणतात. हत्यारं तर किती बदलली, पण जुन्या तपासण्या नव्यात ओतताना नावं तीच राहिली. परवा मी एका नव्या ऑफिसात गेलो होतो, तर एक पोरगी शेजारणीला ओरडून सांगत होती, "सावेनाथा फेल होतोय गं, बटण बाहेर जातंय." मी विचारलं, सावेनाथा म्हणजे काय? ती म्हणाली, असंच नाव असतं काका, मोठ्या अक्षरांच्या चाचणीला.

असिनाते गावी परतली त्याला बरीच वर्षं झाली. मी एकदा गेलो होतो त्या बोटीनं. कप्तान दुसरा, तरणा. वातुकाऊ आलं तशी बोट मंदावली. किनाऱ्यावर एकच बाई उभी होती, काखेत गुंडाळलेली चटई, पायात रबरी चपला. स्वतः विणलेली ती चटई मला द्यायला आणली होती. उलगडून बघितली, एका कडेला बोटभर तिरकी गेली होती.

"हा खरा की भास?" मी विचारलं.

"खरा," ती म्हणाली. "आण इकडं, उन्हात धरू नको. नेई बघंल."